आधी लेन्स, मग कॅमेरा: निसर्ग छायाचित्रणासाठी हलका संच कसा निवडावा

निसर्गात हिंडून छायाचित्रे काढणाऱ्याच्या पाठीवरच्या ओझ्यात सर्वांत मोठा वाटा बहुधा लेन्सचा असतो. तरीही खरेदीची सुरुवात बहुतेक जण कॅमेऱ्याच्या बॉडीपासून करतात. हलकी, देखणी बॉडी घेऊन झाली की तिच्यावर बसणारी लांब पल्ल्याची लेन्स शोधली जाते आणि मग कळते की बॉडीत वाचवलेले दोनशे ग्रॅम लेन्सच्या दोन किलोंपुढे कुठेच दिसत नाहीत. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी विषय आणि प्रकाश, त्यावरून लेन्स, लेन्सवरून सेन्सरचा आकार आणि सर्वांत शेवटी बॉडी. लेखातील वजने उत्पादकांनी दिलेल्या आकड्यांवर आधारलेली असून बॉडीचे वजन बॅटरीसह धरले आहे.

पहिली पायरी: विषय आणि प्रकाश लिहून काढा

‘निसर्ग छायाचित्रण’ या एका नावाखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेली चार-पाच कामे येतात. पक्षी आणि प्राणी, फुलपाखरे आणि चतुर, बुरशी, फुले आणि किडे, डोंगरदऱ्यांची निसर्गदृश्ये आणि रात्रीचे आकाश. यांपैकी खरोखर वजनदार लेन्स मागणारे काम पहिले एकच आहे. बाकीची सगळी कामे पाचशे ग्रॅमच्या आतल्या लेन्सने उत्तम होतात. म्हणून ज्याच्या चित्रांत पक्षी आणि प्राणी अपवादानेच येतात, त्याने ‘कधीतरी लागेल’ म्हणून सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊ नये.

आधीचा कॅमेरा किंवा साधा झूम असलेला कॅमेरा हाताशी असेल तर त्यातली गेल्या वर्षभरातील आवडती चित्रे बाजूला काढावीत आणि प्रत्येक चित्राच्या माहितीतून फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, शटरस्पीड आणि आयएसओ हे चार आकडे (अनुक्रमे लेन्सचा पल्ला, प्रकाश आत येण्याचे छिद्र, प्रकाश घेण्याचा कालावधी आणि सेन्सरची संवेदनशीलता) पाहावेत. बहुतेक चित्रे झूमच्या शेवटच्या टोकाला काढलेली असतील तर लांबी कमी पडते आहे. आयएसओ सतत ३२००च्या वर असेल तर लांबीइतकाच प्रकाशही कमी पडतो आहे. या दोन उणिवांवरचे उपाय वेगवेगळे असून वजनाच्या बाबतीत ते एकमेकांच्या विरुद्ध जातात, हे पुढे स्पष्ट होईल.

प्रकाशाची नोंद वेळ आणि जागा यांसह करावी. उघड्यावरचे पाणवठे, गवताळ माळ आणि समुद्रकिनारा येथे सकाळी आठनंतर प्रकाशाला तोटा नसतो. दाट झाडीखाली मात्र भर दुपारीही अंधार असतो आणि पहाटे-संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तर प्रकाश ही मुख्य अडचण ठरते. यांपैकी आपले काम कोणत्या बाजूला अधिक झुकते, यावर लेन्सचे वजन ठरणार आहे.

दुसरी पायरी: लेन्सला वजन कशाने येते ते समजून घ्या

लेन्सची फोकल लेंग्थ तिच्या एफ-आकड्याने (तो जितका लहान तितका प्रकाश जास्त) भागली की अ‍ॅपर्चरचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ६०० मिमी एफ/४ लेन्सचा व्यास १५० मिमी येतो, ६०० मिमी एफ/६.३चा सुमारे ९५ मिमी आणि ६०० मिमी एफ/११चा जेमतेम ५५ मिमी. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये समोरची काच निदान या व्यासाएवढी मोठी असावीच लागते, आणि काचेचा व्यास वाढला की तिची जाडी, तिला धरणारी नळी आणि मागची इतर भिंगेही वाढतात. त्यामुळे वजन व्यासापेक्षा कितीतरी वेगाने चढत जाते. फ्लोराइटसारखी हलकी द्रव्ये आणि फेज फ्रेनेल पद्धतीची (बारीक वलये कोरलेली, पातळ) भिंगे वापरून काही प्रमाणात वजन वाचवता येते, पण त्यालाही मर्यादा आहेत.

हा साधा भागाकार करून बाजारातील ‘हलक्या’ लेन्स तपासल्या तर एक गमतीदार गोष्ट दिसते. ऑलिम्पसची (आता ओएम सिस्टिम या नावाने येणारी) मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरसाठीची ७५-३०० मिमी एफ/४.८-६.७ लेन्स ४२३ ग्रॅमची आहे. तिच्या लांब टोकाला व्यास सुमारे ४५ मिमी आहे. कॅननची आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८ ही ६३५ ग्रॅमची असून तिचा व्यास ५० मिमी आहे. सोनीची एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरसाठीची ७०-३५० मिमी एफ/४.५-६.३ ही ६२५ ग्रॅमची आणि व्यास सुमारे ५५ मिमी. कॅननची आरएफ ६०० मिमी एफ/११ ही ९३० ग्रॅमची आणि तिचा व्यासही ५५ मिमीच्या आसपास. सोनीच्या २०१७ सालच्या आरएक्स१० मार्क ४ या एकसंध (लेन्स न निघणाऱ्या) कॅमेऱ्यात २२० मिमी एफ/४ एवढे टोक आहे, म्हणजे तिथेही व्यास ५५ मिमीच. कंपन्या निराळ्या आणि सेन्सर निराळे असले तरी आपापल्या सेन्सरवर (कॅननची १००-४०० एपीएस-सीवर धरली तर) पुढे सांगितलेल्या फुल फ्रेम सेन्सरच्या मापात साधारण ५०० ते ६५० मिमीएवढी चौकट देणाऱ्या या सगळ्या हलक्या लेन्स विषयाकडून येणारा प्रकाश जवळपास सारख्याच प्रमाणात गोळा करतात.

अशा तऱ्हेने तीन थर पडतात. पहिल्या थरात ४५ ते ५५ मिमी व्यासाच्या, एक किलोच्या आतल्या लेन्स येतात. दुसऱ्या थरात ७० ते ९५ मिमी व्यासाच्या लेन्स येतात आणि त्यांचे वजन पाऊण किलोपासून दोन किलोंच्या थोडे वरपर्यंत जाते. तिसऱ्या थरात १५० मिमी व्यासाच्या, तीन किलोंच्या लेन्स. सारख्याच चौकटीत पहिल्या थरातून दुसऱ्याच्या वरच्या टोकाला गेल्यावर जवळपास दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) प्रकाश वाढतो आणि तिथून तिसऱ्यात गेल्यावर आणखी सव्वा स्टॉपच्या आसपास. म्हणजे ओझे सर्वांत उपयोगी पडते ते पहिल्या आणि दुसऱ्या थराच्या मधल्या अंतरात. तिसरा थर हलक्या संचाच्या विचारात धरण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी: सेन्सरचा आकार लांबीच्या गरजेवरून ठरवा

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो. एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिमी असतो (कॅननचा थोडा लहान, २२.३ × १४.९ मिमी). ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये आणलेल्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीत तो १७.३ × १३ मिमी असतो आणि ‘एक इंच’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी असतो. फुल फ्रेमच्या तुलनेत चौकट किती पट आखडते, हे सांगणारा गुणक अनुक्रमे १.५ (कॅननसाठी १.६), २ आणि २.७ आहे.

हे आकडे प्रत्यक्षात काय करतात ते एका पक्ष्यावर पाहू. २० सेंटिमीटर लांबीचा पक्षी १५ मीटरवर बसला आहे आणि लेन्स ४०० मिमीची आहे. सेन्सरवर त्याची प्रतिमा साधारण ५.३ मिमी लांब पडते आणि सेन्सर कोणताही असला तरी ती तेवढीच पडते. फुल फ्रेमच्या रुंदीत ती १५ टक्के जागा व्यापते, एपीएस-सीवर सुमारे २३ टक्के आणि मायक्रो फोर थर्ड्सवर ३१ टक्के. पक्षी मोठा झालेला नाही, फक्त त्याच्याभोवतीची मोकळी जागा कापली गेली आहे. त्याच्या पिसांचा तपशील किती मिळणार हे त्या ५.३ मिमीमध्ये किती पिक्सेल बसतात यावर अवलंबून असते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर पक्ष्याच्या लांबीला सुमारे ९०० पिक्सेल मिळतात, ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर सुमारे १२०० आणि २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सवर १६००च्या आसपास. ३२ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सरही याच पंक्तीत बसतो.

यावरून निघणारा निर्णय सरळ आहे. ज्याला विषय नेहमीच लांब मिळतो आणि वजन मर्यादेत ठेवायचे आहे, त्याने दाट पिक्सेलचा एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर घ्यावा. फुल फ्रेम घेऊन चित्र नेहमी अर्धे कापायचे असेल तर मोठ्या सेन्सरचा फायदा कापलेल्या भागाबरोबर टाकून दिला जातो. विषय जवळ येतो, चौकट भरते आणि प्रकाश मात्र कमी असतो, अशा कामात फुल फ्रेम खरोखर उपयोगी पडतो, परंतु त्यासाठी जोडीला तशीच मोठी लेन्स लागते आणि मग वजनाची गोष्ट तिथेच संपते.

जाहिरातीत ‘६०० मिमी इतकी’ असे म्हटले जाते तेव्हा तो गुणक फक्त फोकल लेंग्थला लावलेला असतो. तोच एफ-आकड्यालाही लावून पाहावा. मायक्रो फोर थर्ड्सवरची ३०० मिमी एफ/६.७ लेन्स चौकटीच्या दृष्टीने ६०० मिमीसारखी असते, पण चित्रातील एकूण प्रकाश आणि नॉईज (दाणेदारपणा) यांच्या दृष्टीने ती फुल फ्रेमवरच्या एफ/१३.४सारखी वागते. उजेड भरपूर असेल तर हा व्यवहार अगदी फायद्याचा आहे. झाडीत तो महाग पडतो.

एकाच तुकड्यात सगळे सामावणारे एक इंची सेन्सरचे कॅमेरे प्रवासासाठी फारच सोयीचे असतात. वर उल्लेखलेला सोनीचा कॅमेरा २४ पासून ६०० मिमीपर्यंतची चौकट सुमारे ११०० ग्रॅममध्ये देतो आणि लेन्स बदलायची नसल्याने सेन्सरवर धूळ बसण्याचा धोकाही कमी राहतो. त्याहून बारीक सेन्सर घेऊन ३००० मिमीएवढी चौकट देणारे कॅमेरेही मिळतात. चंद्रासाठी ते मजेदार आहेत. जमिनीवरच्या दूरच्या विषयासाठी मात्र मधली तापलेली, थरथरणारी हवा त्या लांबीचा बहुतेक फायदा खाऊन टाकते.

चौथी पायरी: प्रकाशाचा हिशेब करून थर निवडा

लख्ख उन्हात एफ/१६ अ‍ॅपर्चर ठेवले तर शटरस्पीड आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १००ला साधारण १/१०० सेकंद लागतो, हा जुना नियम अजूनही कामाचा आहे. त्यावरून एफ/८ला आयएसओ १००वर १/४०० सेकंद मिळतो. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंद हवा असेल तर आयएसओ ५०० लागेल आणि आजच्या कोणत्याही सेन्सरला तो सहज पेलतो. आता हाच पक्षी चार स्टॉप अंधाऱ्या झाडीत शिरला असे धरा. एफ/८ आणि १/२००० कायम ठेवले तर आयएसओ ८००० होतो. एफ/४ची लेन्स असती तर तो २०००वर थांबला असता. पहिल्या थराच्या लेन्स नेमक्या इथे अपुऱ्या पडतात.

मात्र तो पक्षी फांदीवर स्वस्थ बसलेला असेल तर १/२५० सेकंदही पुरतो आणि एफ/८वरच आयएसओ १०००पर्यंत खाली येतो. म्हणून झाडीत जाणाऱ्या प्रत्येकाला मोठी लेन्स लागतेच असे नाही. झाडीतली हालचाल टिपायची असेल तर ती लागते. स्टॅबिलायझेशनबद्दलचा एक गैरसमजही इथेच दूर करावा. ते छायाचित्रकाराच्या हाताचे कंपन सावरते, पक्ष्याच्या पंखाचे नाही. बसलेल्या विषयाला ते दोन-तीन स्टॉपचा आधार देते, उडत्या विषयाला त्याचा उपयोग फक्त व्ह्यूफाइंडरमधले दृश्य स्थिर राहण्यापुरता होतो.

रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) चालणारी नॉईज कमी करण्याची नवी सॉफ्टवेअर हलक्या लेन्सच्या बाजूने मोठे काम करतात. माझ्या मते निदान एका स्टॉपची भरपाई त्यांतून बिनधास्त धरावी आणि लेन्सच्या वजनाचा विचार करताना ती हिशेबात घ्यावी. त्याहून जास्त धरू नये, कारण बारीक पिसांचा पोत ही सॉफ्टवेअर कधी कधी स्वतःच रचून देतात आणि ते मोठ्या छपाईत डोळ्याला खटकते.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष लेन्स निवडा

उघड्या प्रकाशात चालत फिरणाऱ्यासाठी पहिल्या थरातील झूम लेन्स पुरेशी आहे. कॅननची आरएफ १००-४०० ही यांतली सर्वांत बहुगुणी वाटते, कारण ती ८८ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते आणि ४०० मिमीला ०.४१ पट आवर्धन देते. एपीएस-सी बॉडीवर याचा अर्थ असा की साडेपाच सेंटिमीटर रुंदीचा विषय चौकट भरून टाकतो. पक्षी टिपता टिपता समोरच्या फुलावर फुलपाखरू बसले तर लेन्स बदलावी लागत नाही आणि एक मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स घरी राहते. तिची उणीव अशी की पाऊस आणि धूळ रोखणारी रबरी सीलबंदी तिला नाही. ऑलिम्पसच्या ७५-३००लाही ती नाही आणि शिवाय त्या लेन्समध्ये स्वतःचे स्टॅबिलायझेशन नसल्याने ते बॉडीत असणे आवश्यक ठरते. पॅनासॉनिकची १००-३०० मिमी एफ/४-५.६ची दुसरी आवृत्ती ५२० ग्रॅमची असून तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत. पावसाळी हवेत हिंडणाऱ्याने शंभर ग्रॅमचा हा फरक आनंदाने सोसावा. फुजिफिल्मची एक्सएफ ७०-३०० मिमी एफ/४-५.६ ही ५८० ग्रॅमची आणि हवामानरोधक आहे, परंतु एपीएस-सीवर तिची चौकट ४५० मिमीएवढीच होते. पक्ष्यांपेक्षा प्राणी आणि दूरची निसर्गदृश्ये हा विषय असेल तर ती अधिक शोभते.

कॅननच्या ६०० आणि ८०० मिमी एफ/११ या लेन्स वजनाच्या मानाने कमालीच्या लांब आहेत, पण त्यांच्या अटी खरेदीआधी नीट वाचाव्यात. अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, ६००ची लेन्स साडेचार मीटरच्या आत आणि ८००ची सहा मीटरच्या आत फोकस करत नाही आणि अनेक बॉडींवर ऑटोफोकस चौकटीच्या मधल्या भागापुरताच चालतो. पाणपक्ष्यांसाठी या अटी अडचणीच्या नाहीत. झुडपातल्या चिमुकल्या पक्ष्यांसाठी आहेत.

दुसऱ्या थरात वजनाच्या मानाने सर्वाधिक प्रकाश देणाऱ्या लेन्स बहुधा एकाच फोकल लेंग्थच्या, म्हणजे प्राइम असतात. निकॉनची २०१५ सालची डीएसएलआरसाठीची (आत आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांसाठीची) ३०० मिमी एफ/४ फेज फ्रेनेल लेन्स केवळ ७५५ ग्रॅमची असून तिचा व्यास ७५ मिमी आहे. तीच कंपनी मिररलेससाठी (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) ४०० मिमी एफ/४.५ (ट्रायपॉडला जोडण्याच्या पायासह १२४५ ग्रॅम) आणि ६०० मिमी एफ/६.३ (पायासह १४७० ग्रॅम) या लेन्स देते. तुलनेसाठी तिचीच १८०-६०० मिमी झूम पायासह २१४० ग्रॅमची आहे. झूमच्या सोयीची किंमत येथे ६७० ग्रॅम पडते. विषय सतत लांबच राहणार असेल, तर प्राइम घेऊन दुसरी छोटी लेन्स खिशात ठेवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. विषय कधी दहा मीटरवर तर कधी शंभर मीटरवर येतो अशा ठिकाणी मात्र झूमला पर्याय नाही. फेज फ्रेनेल लेन्सबाबत एक सूचना द्यायला हवी. विषयाच्या मागे चौकटीत प्रखर प्रकाश असेल, तर त्याभोवती रंगीत वलये उमटू शकतात.

डीएसएलआरच्या काळातील लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून त्याच कंपनीच्या मिररलेस बॉडीवर वापरण्याचा मार्ग खुला असतो. अ‍ॅडॉप्टरचे शे-सव्वाशे ग्रॅम वजनात धरावेत. वापरलेली लेन्स घेताना टॉर्चचा प्रकाश एका बाजूने टाकून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. थोडे धूलिकण दिसले तर त्याने चित्रात काहीही बिघडत नाही.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारे जास्तीचे भिंग) हा फारसे वजन न वाढवता लांबी वाढवण्याचा मोहक उपाय आहे. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश घेतो, दोन पटीचा दोन स्टॉप. एफ/४च्या प्राइमवर १.४ पटीचा कन्व्हर्टर चांगला चालतो. एफ/८ला संपणाऱ्या झूमवर तो लावला की एफ/११ होते, ऑटोफोकस मंदावतो आणि लहान सेन्सरवर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) तपशीलही बोथट होऊ लागतो. पहिल्या थराच्या लेन्सवर कन्व्हर्टर घेण्याऐवजी चित्र कापलेले बरे.

सहावी पायरी: आता बॉडी

हलक्या संचासाठी मिररलेस बॉडी घ्यावी, यात आता फारसा वाद उरलेला नाही. बॉडी पाहताना मात्र वजनाआधी ऑटोफोकस पाहावा. पक्षी किंवा प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर खिळून राहणारा ऑटोफोकस हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत उपयोगी बदल आहे आणि तो सगळ्याच हलक्या बॉडींत नसतो. ओएम सिस्टिमची ओएम-५ ही सुमारे ४१५ ग्रॅमची, सीलबंद आणि गुणी बॉडी आहे, पण पक्षी ओळखण्याची सोय तिच्यात नाही. ती सोय असलेली ओएम-१ सुमारे ६०० ग्रॅमची आहे. कॅननची आर१० ही ४२९ ग्रॅमची असून तिच्यात ती सोय आहे, मात्र बॉडीतले स्टॅबिलायझेशन नाही. म्हणजे तिला स्टॅबिलायझेशन असलेलीच लेन्स हवी. आर७मध्ये दोन्ही आहेत आणि तिचे वजन ६१२ ग्रॅम आहे. उडते पक्षी टिपायचे असतील तर पक्षी ओळखण्याच्या सोयीसाठी ओएम-१चे हे जास्तीचे पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम खर्च करण्याजोगे आहेत. निसर्गदृश्ये आणि फुले यांच्यासाठी नाहीत.

दुसरी तपासण्याची गोष्ट शटरची. इलेक्ट्रॉनिक शटरचा आवाज होत नाही आणि वेगही मोठा मिळतो, परंतु साध्या सेन्सरमध्ये ओळीमागून ओळ वाचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पंख हलल्यामुळे ते वाकडे उमटतात. स्टॅक्ड प्रकारच्या सेन्सरमध्ये हे वाचन फार झपाट्याने होते. तसा सेन्सर नसलेल्या बॉडीवर उडत्या पक्ष्यांसाठी यांत्रिक शटरच वापरावे. बर्स्टचा (सलग चित्रे घेण्याचा) कमाल वेग जाहिरातीत ठळक छापलेला असतो, पण रॉ फाइली घेताना तो वेग किती सेकंद टिकतो हे बफर (चित्रे तात्पुरती साठवणारी स्मृती) ठरवतो. ती माहिती मुद्दाम शोधून पाहावी.

व्ह्यूफाइंडर नसलेली बॉडी लांब लेन्ससाठी घेऊ नये. उन्हात मागचा पडदा धड दिसत नाही आणि कॅमेरा डोळ्याला टेकवल्याने मिळणारा आधारही जातो. छोट्या बॉडीवर मोठी लेन्स ‘तोल जाते’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. डावा हात लेन्सखाली धरण्याची सवय असेल तर तिच्यात विशेष तथ्य नाही. बोटे रुतणारी अपुरी पकड ही मात्र खरी अडचण आहे आणि ती तपशिलाच्या तक्त्यात सापडत नाही.

जवळचे आणि विस्तृत विषय

येथे निर्णय सोपा आहे. ऑलिम्पसची ६० मिमी एफ/२.८ मॅक्रो १८५ ग्रॅमची असून १:१ आवर्धन (सेन्सरवर विषयाएवढीच प्रतिमा) देते, मात्र ते मिळण्यासाठी विषय सेन्सरपासून १९ सेंटिमीटरवर आणावा लागतो. बुजरे कीटक इतक्या जवळ येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी जवळ फोकस करणारी टेलिफोटो झूमच बरी. निसर्गदृश्यासाठी एफ/२.८ची जड वाइड लेन्स घेण्याचे कारण नाही, कारण अशी चित्रे बहुधा एफ/८च्या आसपासच काढली जातात. रात्रीचे आकाश हा एकमेव अपवाद असून त्यासाठी पॅनासॉनिकच्या १३० ग्रॅमच्या ९ मिमी एफ/१.७सारखी लहान प्राइम पुरते.

सातवी पायरी: बाकीचे ओझे कमी करा

लेन्सवर तीनशे ग्रॅम वाचवून दीड किलोचा ट्रायपॉड बरोबर न्यायचा, हे नेहमी घडते. पहिल्या थराच्या लेन्सला ट्रायपॉड लागत नाही. दुसऱ्या थराला मोनोपॉड किंवा बीनबॅग पुरते. बीनबॅगची रिकामी पिशवी न्यावी आणि जागेवर पोहोचल्यावर तिच्यात वाळू किंवा जास्तीचे कपडे भरावेत. लेन्सचा काढता येणारा पाय हातात धरूनच काम करणाऱ्याने घरी ठेवावा, त्यात शंभर-दीडशे ग्रॅम सुटतात. लेन्स हूड मात्र ठेवावा. तो समोरच्या काचेला फांदीच्या ओरखड्यापासून वाचवतो.

बॅटरीच्या बाबतीत कंजुषी करू नये. मिररलेस बॉडी व्ह्यूफाइंडर सतत चालू ठेवते, आणि पक्ष्याची वाट पाहत घालवलेला तासही बॅटरी खातो. पूर्ण दिवसासाठी दोन जास्तीच्या बॅटऱ्या धराव्यात आणि थंडीत त्या अंगातल्या आतल्या खिशात ठेवाव्यात.

आठवी पायरी: घेण्याआधी आणि घेतल्यावर

निवडलेल्या बॉडीचे आणि लेन्सचे वजन मिळवून तेवढे पाणी बाटल्यांत भरावे (एक लिटर म्हणजे एक किलो), ते नेहमीच्या पिशवीत घालावे आणि एक पूर्ण फेरी चालून यावी. कागदावर १०६० ग्रॅम आणि २३८० ग्रॅम हे निव्वळ आकडे असतात. पहिला आर१० आणि १००-४०० या जोडीचा आहे, दुसरा निकॉनच्या झेड८ आणि ६०० मिमी एफ/६.३ या जोडीचा. दुसरा आकडा चौथ्या तासाला मानेला कळतो. त्यानंतर दुकानात किंवा भाड्याने घेऊन ती जोडी डोळ्याला लावून दोन मिनिटे न हलवता धरून पाहावी. उडता पक्षी यायची वाट पाहताना प्रत्यक्षात इतका वेळ सहज जातो. हात थरथरू लागला तर थर खाली आणावा. झूमची कडी एका मनगटाच्या वळशात टोकापासून टोकापर्यंत जाते का, हेही तेव्हाच पाहावे.

लेन्स हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. सकाळच्या थंड वेळी, साधारण पंधरा मीटरवरच्या विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा घट्ट आधारावर ठेवून, झूमच्या लांब टोकाला आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून चित्रे घ्यावीत. दुपारी ही परीक्षा घेऊ नये, कारण तापलेल्या हवेच्या थरथरीने चांगली लेन्सही मऊ चित्र देते आणि दोष नसताना दोष दिसतो. स्टॅबिलायझेशन बंद ठेवावे, कॅमेरा भिंतीला समांतर असावा आणि प्रत्येक चित्राआधी फोकस मुद्दाम हलवून पुन्हा घ्यावा. मग चित्र पूर्ण मोठे करून चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहावेत. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असतील तर ते हलक्या झूमचे नेहमीचे लक्षण आहे, ते चालते. तीन कोपरे स्वच्छ आणि एकच धूसर दिसला, तर कॅमेरा उलटा धरून तेच चित्र पुन्हा काढावे. धूसरपणा चित्रात त्याच कोपऱ्यात राहिला तर आतले एखादे भिंग तिरके बसले आहे, आणि ती लेन्स बदलून दुसरी मागावी.